अर्धे इकडे, अर्धे तिकडे

काल रात्री अपडेटला हो म्हटलं आणि झोपलो.
चारशे बारा पॅकेजं. नावं कोण वाचतं?
सकाळी सोहारच्या दुकानात शटर वर केलं,
एसी सुरू, कटर सुरू,
आणि बोर्ड आखायचं ॲप्लिकेशन
खिडकी दाखवतं न दाखवतं तोच मिटतं,
डोळ्यात रेती गेल्यासारखं.

मुरादबख्श लाँड्रीवाला नऊलाच हजर.
बोर्ड आज असरच्या आधी लागायला हवा,
बलदियाचा माणूस येणार आहे.
मी म्हटलं, दहा मिनिटं.
ब्लेड पुसणाऱ्या शरीफुलनं मान वर केली.
माझी दहा मिनिटं त्याला माहीत आहेत.

टर्मिनलमधून चालवलं.
ओळी धावल्या, रोजच्याच कुरबुरी,
आणि सगळ्यात खाली: सेगमेंटेशन फॉल्ट.
म्हणजे जिथे घालू नये तिथे कुणीतरी हात घातला.
कुणी, ते सांगायची पद्धत नाही.

सेटिंगचं फोल्डर बाजूला ठेवलं. मिटलं.
काढून पुन्हा टाकलं. मिटलं.
शेवटी नवा युजर केला, नाव दिलं पाहुणा,
आणि पाहुण्याकडे ते उघडलं की!
पांढरं पान पुढे करून बसलंसुद्धा.

म्हणजे मशीन धड आहे. ॲप्लिकेशनही.
दोष माझ्या घरात आहे.
लिनक्सवाले प्रत्येकाच्या फोल्डरला होमच म्हणतात,
त्याला मी काय करू.

घरात काय, तर फाँट. दोनशे चौदा.
अर्धे इकडे, अर्धे तिकडे.
इकडच्यांनी उघडलं, चोर तिकडे.
तिकडच्यांचे पुन्हा अर्धे.
एकशे सात, चोपन्न, सत्तावीस,
नस्ख सुटले, कूफी सुटले, सगळे साव,
मुरादबख्शला कॉफी, खजूर, पुन्हा कॉफी,
चौदा, सात, चार, दोन,
आणि हातात उरला ताम्हाणेकर.

कुडाळच्या छापखान्यात ताम्हाणेकरांनी
बोरूनं काढलेली अक्षरं.
मी सतरा वर्षांचा, माउसनं गिरवत होतो,
ते पाठीमागे तपकीर ओढत उभे:
‘ळ-चा पोट भर रे, उपाशी ठेव नको.’
इथं अकरा वर्षांत कुणी तो फाँट मागितला नाही.
मशीन बदललं की आधी तोच कॉपी करतो,
पगाराच्या पावत्यांच्याही आधी.

पेन ड्राइव्हवर हलवला. ॲप्लिकेशन उघडलं.
मग्सला, निळ्यावर पांढरं, वळणदार.
शरीफुलनं कापलं, चिकटवलं,
असरला बोर्ड वर होता.
बलदियाचा माणूस आलाच नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
फाँट एडिटरमध्ये एकेक अक्षर मोठं केलं.
ळ. उजव्या पोटाच्या टोकाला
दोन टिंबांत केसाएवढी फट.
ताम्हाणेकरांची नव्हे. माझी, सतराव्या वर्षाची.
जुनी लायब्ररी इतकी वर्षं
काही न बोलता ती ओलांडत होती,
नवी सरळ आत पडते.
माझ्या रेसिडेंट कार्डावर घोगळेचं घोगले आहे.
तिथं आजवर कुणी पडलं नाही.

जोडायला एक क्लिक लागला.
कॅश पुसली, फाँट परत घरी ठेवला,
छाती धडधडत असताना ॲप्लिकेशन उघडलं
आणि टाइप केलं: कुडाळ.
उभं राहिलं.

शरीफुल वाकून म्हणाला, ये किसका बोर्ड है?
मी म्हटलं, किसीका नहीं.
उरलेल्या निळ्या विनाइलमधून हातभर कापून घेतलं
आणि कटरच्या खाली, जिथे वंगण देताना
फक्त आम्ही दोघंच आडवे होतो, तिथे लावलं.

आडवा होऊन पाहिलं.
ताम्हाणेकर असते तर म्हणाले असते,
‘पोट आत गेला रे तेचा.’
गेलंय खरं. थोडंसं.